राहून गेलेली दोन चाकं

मित्रांनो, मी एक जुना कॅम्पर ट्रेलर आहे. नावावरून उलगडा होत नसेल तर सांगतो. मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढायची दोन चाकांची लोखंडी पेटी म्हणजे मी. मुक्कामाला पोहोचलं की माझं झाकण उलटं पाडायचं. त्यातून तंबू उभा राहतो आणि तंबूत कमरेइतक्या उंचीवर गादीचा पलंग तयार होतो. मागचा कप्पा ओढला की शेगडी आणि छोटासा ओटा बाहेर येतो. निदान पूर्वी यायचा. आता दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पीटरबरो गावात, एका शेडच्या मागे मी पडून आहे. माझी कहाणी ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं मला वाटत नाही. तरी सांगतो, कारण ती सांगणारं दुसरं कोणी नाही.

मला घडवलं क्लेमनं. तो रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डर होता आणि त्याच्या हातचा सांधा कधी सुटत नाही, असं गावात म्हणायचे. त्याची बायको कोरल. तिचा जन्म उत्तरेला कूपर नदीकाठच्या गुरांच्या मोठ्या वाडीवरचा. एकोणिसाव्या वर्षी ती घोड्यावरून पडली आणि पाठीच्या कण्याला कायमचं दुखणं लागलं. चालायची, हिंडायची, पण जमिनीवर एकदा पाठ टेकली की आपलं आपण उठणं तिला जमायचं नाही. लग्नानंतर दोघं सगळं सामान गाडीत भरून कूपरला गेले आणि जमिनीवर झोपले. सकाळी तिला उभं करता करता क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी परतल्याबरोबर त्यानं माझ्या सांगाड्यासाठी पोलाद आणलं.

माझा कॅनव्हास कोरलनं स्वतःच्या मशीनवर शिवला. चार सुया मोडल्या, पण टाके असे घातले की वाळवंटातल्या वादळातसुद्धा एक उसवला नाही. पलंगाची उंची क्लेमनं तिच्या कमरेला टेप लावून ठरवली. बसल्या बसल्या पाय खाली सोडले की ती उभी, कोणाचा हात नको. चाकं त्यानं गाडीच्या मापाचीच लावली, म्हणजे जास्तीचं चाक दोघांनाही चालावं. एवढ्या विचारानं घडवलेली वस्तू मी, याचा मला गर्व होता. खोटं कशाला सांगू?

मग सुखाची वर्षं आली. दर जुलैत, थंडीच्या दिवसांत, आम्ही लिंडहर्स्ट गावावरून कूपरला जायचो. नदीकाठी मला उघडून ठेवायचे आणि क्लेम नुसती गाडी घेऊन दिवसभर मासे धरायला जायचा. कोरल पलंगावर बसून पेलिकन पक्षी मोजायची. ती जागा सोडून तिला जगात कुठेच जायचं नव्हतं. वर्षातले अकरा महिने ती त्या बाराव्यासाठी काढायची, असं तीच म्हणायची.

आमच्याबरोबर रॉली असायचा. क्लेमचा कारखान्यातला जोडीदार, एकटा जीव, स्वभावानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. ट्रेलर म्हणजे मागे लावलेलं लोढणं, असं त्याचं ठाम मत. तो सगळा संसार आपल्या गाडीत कोंबायचा आणि कॅनव्हासच्या पथारीत जमिनीवर झोपायचा. गाडी अशी गच्च की तव्यासाठी आधी पथारी, मग खुर्ची, मग पाण्याचे दोन कॅन उतरवावे लागत. मासे धरायला जायचं तरी सकाळी सगळं बिऱ्हाड गुंडाळून गाडीत भरायचं, संध्याकाळी पुन्हा मांडायचं. क्लेम त्याला म्हणायचा, तू सहलीला येत नाहीस, हमाली करायला येतोस. रॉली म्हणायचा, दोन चाकं जास्त म्हणजे दोन दुखणी जास्त. हा वाद वीस वर्षं चालला होता. मला त्याची सवय झाली होती. कोरलला तर तो चहाबरोबर लागायचाच.

त्याच वादानं माझा घात केला.

लिंडहर्स्टला डांबरी रस्ता संपतो. पुढे मातीचा रस्ता, त्याच्यावर आडव्या आडव्या सुरकुत्या, पन्हाळी पत्र्यावर असतात तशा. तिथे सगळे थांबतात आणि चाकांतली हवा चाळीस पौंडांवरून पंचवीसवर आणतात. हवा कमी केली की चाक मऊ पडतं आणि धक्के पोटात घेतं. हे न करता पुढे जातात ते फक्त शहरातून पहिल्यांदाच आलेले हौशी लोक, आणि त्यांच्या फजितीच्या गोष्टी मग दारूच्या गुत्त्यात वर्षभर सांगितल्या जातात.

त्या वर्षीही आम्ही थांबलो. कोरल चहा ओतत होती. क्लेमनं गाडीच्या चारी चाकांतली हवा सोडली आणि माझ्याकडे वळला. तेवढ्यात रॉली म्हणाला, "बघ, तुला सहा चाकांपाशी वाकायचं, मला चारच. मी चहा घेतोय आणि तू अजून ओणवाच."

क्लेम ताठ उभा राहिला. हातातलं हवा मोजायचं यंत्र रॉलीच्या नाकासमोर नाचवत त्यानं वीस वर्षांचं जुनं भांडण पहिल्यापासून सुरू केलं. चहा आला. बोलणं वाढलं, हसणं वाढलं. ते यंत्र कधी शर्टाच्या खिशात गेलं, त्याचं त्याला कळलं नाही. मला कळलं. पण मित्रांनो, मला कळून उपयोग काय?

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. दगडासारख्या टणक चाकांवर मी उडत होतो, आपटत होतो. अंडी फुटली, बरण्या फुटल्या, पलंगाचे खिळे ढिले झाले. कोरल क्लेमला म्हणाली की मागे काहीतरी ठोकतंय. तो म्हणाला, रस्ताच यंदा वाईट आहे. आणि मग मला गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्याचा सांधा तडकला. मी नाकावर पडलो आणि गाडीला अडकवलेल्या साखळ्यांच्या आधारानं माती नांगरत फरफटत गेलो.

रॉली मागून आला. "सांगत नव्हतो?" एवढंच म्हणाला, आणि तेही हळू आवाजात.

क्लेम माझ्याभोवती फिरला. चाकापाशी त्यानं सवयीनं हात ठेवला, आणि तो हात तिथेच थिजला. खिशातलं यंत्र काढून त्यानं लावून पाहिलं. चाळीस. मी त्याचा चेहरा जवळून पाहिला. कान लाल झाले होते. एक शब्द बोलला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. रॉली महिनाभर हसला असता, फार तर वर्षभर.

"काय झालंय?" रॉलीनं विचारलं.

"पोलाद थकलंय," क्लेम म्हणाला. "जुना झालाय ट्रेलर. आता भरवसा नाही याचा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्यातलं सामान दोन गाड्यांत भरलं. तडकलेल्या दांड्याला कुंपणाचा खांब आणि साखळी बांधून मला रांगत रांगत परत आणलं. त्या वर्षी कोरलला कूपर दिसली नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, तू वेल्डर आहेस, जोडून टाक. क्लेमनं सांगितलं की थकलेल्या पोलादाला जोड धरत नाही. आता एवढं बोलून झाल्यावर त्याला मागे फिरता येईना. मला दुरुस्त करून पुन्हा त्याच रस्त्यावर नेलं आणि मी धडधाकट चाललो, तर रॉली विचारणार, मग त्या दिवशी काय झालं होतं? म्हणून त्यानं मला शेडमागे ढकललं आणि गाडीत खण बसवले. रॉलीसारखे.

पुढच्या जुलैत कोरल त्या गाडीतून गेली. तिच्यासाठी घडीची खाट घेतली होती. गादीला मात्र जागा नव्हती. खाट मधोमध खचायची. तिसऱ्या सकाळी तिला उठता येईना. क्लेम आणि रॉलीनं घोंगडीचं एक एक टोक धरून तिला उचललं आणि गाडीत ठेवलं. हे मला कळलं ते ती परत आल्यावर, शेजारणीला सांगत असताना.

त्यानंतरचे दोन जुलै ती घरीच राहिली. तुम्ही जा, म्हणाली. ते गेले. तिनं हट्ट केला असता, रडली असती, तर बरं झालं असतं असं मला वाटतं. कधी कधी ती काठी टेकत माझ्याकडे यायची. माझ्या कॅनव्हासला बुरशी लागली होती, पेटीत कोळ्यांनी घरं केली होती. ती एखादं जाळं काढायची, थोडा वेळ थांबायची आणि आत जायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

मग ती न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता घरी सांभाळणं व्हायचं नाही. पोर्ट ऑगस्टाच्या वृद्धाश्रमात तिची सोय झाली. जायच्या आदल्या दुपारी तिनं क्लेमला चाकांची खुर्ची शेडमागे न्यायला सांगितली. क्लेम तिच्याशेजारी उभा राहिला.

"कोरल, त्या दिवशी लिंडहर्स्टला मी याच्या चाकांतली हवा सोडली नव्हती."

"ठाऊक आहे मला."

क्लेमनं तिच्याकडे पाहिलं.

"मी तिथेच चहा ओतत होते की. हवा चारदाच सुटली. वाटलं, चहा झाला की उरलेली दोन करशील. मग मीही तुमच्या भांडणात रमले आणि विसरले."

"आणि नंतर? बोलली का नाहीस?"

"रॉलीसमोर काय बोलू? घरी आल्यावर म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. चूक तुझी होती ना, मग तुझ्या तोंडून ऐकायची होती." तिनं माझ्या पेटीवरचं एक जाळं काढलं. "माझंही चुकलंच. असला हट्ट धरायला नको होता. तीन हिवाळे गेले रे, क्लेम."

"मी उद्याच जोडतो. पुढच्या जुलैला..."

"नको. आता मला त्या पलंगावर कोण चढवणार?"

दुसऱ्या दिवशी गाडी तिला घेऊन गेली. क्लेम तिला पोहोचवून परतला तो थेट शेडमध्ये शिरला. वेल्डिंगचं यंत्र बाहेर ओढलं, दांडा घासून साफ केला, सांधा जोडला, वरून पोलादाची पट्टी मारली. काम पहिल्याहून मजबूत झालं. सगळं मिळून दोन तास लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. बुरशी पुसा, सांधे तपासा, चाकांना हात लावून बघा. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. आम्ही लोखंडाचे, आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, आणि दुसऱ्याची दिसली तर त्याच दिवशी विचारा. मी आता कुठेही जाऊ शकतो. मला कोणी कुठे नेत नाही.