एकोणसत्तर दऱ्या

भर मीटिंगमध्ये सुरेखाने टेबलावरची नमुन्याची दरी, म्हणजे छोटी सतरंजी, उचलली आणि पालथी करून पुन्हा अंथरली.

"विक्रांत, आपला आकडा चुकलाय."

गुरुग्रामच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती कंत्राटावर होती. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी पुणं सुटलं, तसं प्रोग्रामिंगही सुटलं होतं. मुली मार्गी लागल्यावर, पन्नाशी ओलांडून, ती सगळं नव्याने शिकली. आता कंत्राट वाढणार की संपणार, हे वयाने बऱ्याच लहान असलेल्या विक्रांतच्या हातात होतं.

पानिपतचे विणकामाचे कारखानदार चड्ढा यांना तीन बाय तीन अशा नऊ चौकटींच्या, तीन रंगांच्या चौरस दऱ्या विणायच्या होत्या. एकमेकींना चिकटलेल्या चौकटी एका रंगाच्या नकोत आणि कुठल्याही दोन दऱ्या सारख्या नकोत. विक्रांतच्या प्रोग्रामने असे दोनशे शेहेचाळीस नमुने मोजले होते. चड्ढांना तसं कळवूनही झालं होतं.

"प्रोग्राम बिल्कुल बरोबर आहे ताई. मी चेक केलाय."

"स्क्रीनवर बरोबर आहे. पण दरी लोक कशीही अंथरतात. फिरवली की वेगळा वाटलेला नमुना तोच निघतो. त्यात ही दोन्हीकडून सारखी विणलेली. फिरवून, पालथं घालून जे जुळले, ते मी एकच धरले. उरले एकोणसत्तर."

"यार, ताई! कोण बघत बसणारे?"

"ज्याच्या शेजाऱ्याकडे तश्शीच निघेल, तो बघेल."

सुरेखानेच चड्ढांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिने सगळं सांगितल्यावर चड्ढा म्हणाले, "मॅडम, बाकी डिझाइन कहाँ गए?"

"कहीं नहीं गए जी. थे ही नहीं."

विक्रांतने दरीकडे पाहिलं, एक कोपरा उलटला आणि पुढे झुकला. "चड्ढाजी, गलती मेरी थी. मॅडम की गिनती सही है."

"तो उतनी ही बुनेंगे," चड्ढा नाराजीनेच म्हणाले. नमुन्यागणिक मिळणारं कंपनीचं कामही तेवढ्याने घटलं.

संध्याकाळी विक्रांत लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"तुमचं कंत्राट वर्षभरासाठी वाढवायला सांगितलंय." मग जरा घुटमळून म्हणाला, "ते जुळणारे नमुने एकच कसे धरले, शिकवाल?"

सुरेखाने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून घेतली.

"बस."