ऐंशीच्या पुढची थरथर

फ्रिज बंद होताना एकदा अंग झटकतो आणि वर ठेवलेलं डब्याचं झाकण खण्णकन वाजतं. शनिवारच्या दुपारी, मैना नुकती झोपली असताना, ते वाजलं. मी श्वास धरून बसले. तिनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि परत झोपेत गेली. मी उठून झाकण ओट्यावर ठेवलं. पिशवी भरून झाली होती, तरी उघडून पाहिली. तिचे दोन जास्तीचे स्वेटर वरच होते. ते मी खाली दाबले, मग परत वर काढले.

संध्याकाळपर्यंत अमरावतीला पोचायचं होतं. उद्या परत येताना गाडीची मागची सीट रिकामी असणार होती.

उन्हाळ्यात माझी बदली अकोल्याला झाली. नागसेनची नोकरी अमरावतीत आणि माझ्या सासूबाईही तिथंच. चार वर्षांची मैना आठवडाभर माझ्यापाशी असते, शनिवारी तिला घेऊन मी अमरावतीला जाते आणि रविवारी दोघी परत येतो. एसटीत तिला मळमळतं, म्हणून गाडी. मी स्वतः चालवते.

दिवाळीनंतर ती गाडी थरथरायला लागली. शहरात काही नाही. हायवेला लागून काटा ऐंशीच्या पुढं गेला की सुरू, आणि सत्तरवर आणली की गप. नागसेननं गोवर्धन मिस्त्रीकडं तीन खेपा घातल्या. पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पुढचे दोन टायर नवे झाले. दर वेळी गोवर्धन म्हणायचा, "आता मक्खन चालन, सायेब." आणि दर शनिवारी बोरगाव मंजू मागं पडलं की परत तेच.

मागच्या रविवारी नागसेननं ताट सरकवलं आणि ते म्हणाले, "थरथरत्या गाडीत लेकरू घालून शंभर किलोमीटर जातं तू. एखाद्या दिवशी चाक निखळलं मंग? गाडी नीट होत नाही तवर मैना इथंच राहीन."

"तुमी ठरवून टाकलं?"

"आईनं गल्लीतल्या बालवाडीत नावबी टाकलं. पुढच्या सोमवारपासून. हा एक आठवडा तेवढी ने."

"आन् गाडी नीट झाली तं?"

"नीट झाली तं माह्यं काय म्हणणं हाये? ने ना बापा तुह्या संगं."

सासूबाई मैनाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत टेप लावून माप घेत होत्या.

मैना उठली तशी आम्ही निघालो. तिला मागं पट्टा लावून बसवलं, हातात टॉफी दिली. शहर संपलं. डाव्या हाताला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मी मुद्दामच हळू चालवत होते. हळू गेलं तर रस्ता लांबतो, एवढंच. मग स्वतःचाच राग आला आणि पाय दाबला. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी.

"मम्मी, आली गुदगुली!"

"कुठं गं?"

"बुडाले. बुडाले गुदगुल्या होऊन राहिल्या."

"आन् हाताले?"

"हाताले तं टॉफी हाये."

मला हसू आलं आणि तिथंच थांबलं. माझ्या हातात काय होतं? स्टेअरिंग. मी बोटं सैल करून पाहिली. स्टेअरिंग शांत होतं. थरथर कमरेत होती, पाठीत होती, आणि आरशात पाहिलं तर मैनाच्या शेजारच्या बाटलीतल्या पाण्यावर नुसता काटा आला होता. पुढच्या खाचेतली माझी बाटली तितकी हालत नव्हती.

क्लच दाबला. इंजिनचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. ब्रेकला हलका पाय लावला, काही फरक नाही. मग उरलं काय? दुपारी ओट्यावर काढून ठेवलेलं झाकण आठवलं. झाकण काढलं म्हणून फ्रिज थोडाच थरथरायचा थांबतो! आम्ही तीन खेपा पुढचीच चाकं पाहत बसलो. गाडी तपासायला नागसेन पुढं, मिस्त्री पुढं. मागं आजवर बसलं होतं कोण? मैनाच.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर चहाच्या टपरीमागं लिंबाखाली गाडी लावली. ओढणी कमरेला खोचली आणि मागच्या चाकांपाशी उकिडवी बसले. बाहेरून चाकं चकचकीत. उजव्या चाकाच्या मागून आत हात घातला, तिथं लोखंड लागलं. डाव्याच्या आत घातला, तर बोटांना वीट लागली.

वीट कुठली. माती होती.

दिवाळीत आम्ही तेल्हाऱ्याला माझ्या बाबांकडं गेलो होतो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडलेला. तरी बाबा हटले नाहीत. नवं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले. "सडकेवर कायले ठेवतं गाडी? पांदणीनं घे, पार वावराच्या धुऱ्यापर्यंत. लोकायले पाहू दे, देवरावची पोरगी गाडी चालवते ते." आणि मीही घेतली. काळ्या मातीच्या वाटेत पावसानंतर बैलगाडीसुद्धा कोणी घालत नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? डावं चाक असं रुतलं की वेचणीवाल्या बाया फडक्यातला कापूस टाकून ढकलायला आल्या. त्यातली एक बाबांना म्हणाली, "भाऊजी, पाह्यलं बरं आमी, आता उतरा खाली!" परतताना अकोटला गाडी धुऊन घेतली, तोंड दिसेल इतकी. ती बाहेरून. चाकाच्या आत भरलेला चिखल तसाच वाळून दगड झाला. पुढच्या चाकांतला टायर बदलताना निघाला असेल. मागच्यांना हात लावलाच कोणी?

पिशवीत सासूबाईंचा सराटा होता. पोळ्या उलटायचा, मागच्या खेपेला चुकून माझ्याकडं आलेला. तोच काढला. आधी खरवडलं, मग ठोकलं. माझं मनगट सोललं, सराट्याचं टोक वाकलं, आणि मातीचा ढेपसा निघाला. गाडी वीतभर पुढं घेऊन चाक फिरवलं, दुसरा निघाला. त्यात पऱ्हाटीची काडी होती आणि कापसाचं मळकं बोंड.

"आबाच्या वावराची माती?" मैनानं विचारलं.

"हो."

"इथं कावून आली थे?"

"आपणच आणली."

परत हायवे. मला काट्याकडं पाहवत नव्हतं. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद.

"मैना, गुदगुली?"

"नाही." मग हिरमुसून, "लाव ना परत."

मी इतकी मोठ्यानं हसले की डोळे पुसावे लागले.

अमरावतीत पोचल्यावर मैना आणि पिशवी आत सोडली, मी चपलाही काढल्या नाहीत. नागसेनला म्हटलं, "चला." ते किल्लीसाठी हात पुढं करून आले. मी म्हटलं, "चालवते मी. तुमी मागं बसा, मैनाच्या जागी." बडनेऱ्यापुढं मोकळ्या रस्त्यावर गाडी नव्वदवर नेली. आरशात ते सीटवर तळवा टेकून बसले होते, तापल्या कपाळावर हात ठेवावा तसे. बराच वेळ हात तिथंच होता.

"निघाली थरथर," ते म्हणाले.

"निघाली."

घराशी गाडी थांबल्यावर ते लगेच उतरले नाहीत. "बोललो होतो मी. ने बापा." एवढंच म्हणाले.

आत सासूबाईंच्या हाती सराटा लागला होता. "माह्या सराट्याची काय गत केली वं हे!" त्या म्हणाल्या. मग नागसेननं हळूच त्यांना काय ते सांगितलं. त्या सराट्याचं टोक बोटांनी सरळ करत राहिल्या. ते सरळ होत नव्हतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लेकरू मायजवळच बरं." आणि चहा ठेवायला वळल्या. चहा आधीच ठेवलेला होता.

पलंगावर बालवाडीच्या निळ्या फ्रॉकची घडी होती. इस्त्री केलेली, वाढत्या अंगासाठी खाली चार बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं. मैनानं ती घडी मोडली आणि स्वेटरवरूनच फ्रॉक अंगात घातला. गोल फिरली. आजीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, मी अकोल्याले गेली तं हा डरेस घालून आजीजवळ कोण राहीन?"