कुंडीबाबाचं सत्यरोप

घरात सक्युलंटचं रोप ठेवल्याने माणसाचा स्वभाव सौम्य होतो, रक्तदाब उतरतो आणि कुटुंबात प्रेम नांदतं. हे सत्य आमच्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा सख्ख्या भावांनी जिन्याचा कठडा उपसून एकमेकांच्या डोक्यात घातला, टायपिस्टबाईंनी नवऱ्याच्या पाठीवर गरम इस्त्री टेकवली, आणि समोरच्या सासूने सुनेच्या केसांची एक अख्खी बट मुळासकट उपटून खिडकीतून खाली टाकली. प्रेम नांदत होतंच. आवाज तेवढा फार यायचा.

सत्य उच्चारणारा इसम तळमजल्यावरच्या शिवणकारखान्यात कापड कापायच्या लांबलचक टेबलावर मांडी घालून बसला होता. रविवार होता, मशीनं बंद होती. बावीस बिऱ्हाडं त्या खोलीत कोंबलेली: काही स्टुलांवर, काही कापडाच्या तागांवर, उरलेली खिडकीच्या गजांना लटकून. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. तासाभरात तो कुंडीबाबा झाला होता.

"हे झाड नाही, हा पहारेकरी आहे!" तो तळहाताएवढी कुंडी उंच धरून म्हणाला. जाड, गुबगुबीत पानांचं एक निरागस रोप तीत बसलं होतं. "वाळवंटात जन्मलं. पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आहे याला. म्हणून घरातली निगेटिव्ह ऊर्जा हे पाण्यासारखी पितं. मोबाईलची किरणं? पितं. मधुमेह? पितं. मत्सर? तो तर आवडीने पितं!"

"बाबा, मलाही तहान फार आहे," मागून डुलक्या म्हणाला. डुलक्या म्हणजे आमचा रात्रपाळीचा वॉचमन. इमारतीत सगळ्यात गाढ झोप त्याचीच. "माझाही काही उपयोग होईल का?"

लोकांनी त्याला गप्प बसवलं, कारण बाबा आता शेजारच्या कंबरेएवढ्या निवडुंगाकडे वळला होता. त्याने अंगठी नुसती टेकवली आणि निवडुंगातून पांढराशुभ्र थेंब ओघळला. "रडतंय बघा. तुमच्या दुःखाने रडतंय." मग त्याने बोट तिथे नेलं, खालची पापणी ओढली आणि पांढरा थेंब सरळ स्वतःच्या डोळ्यात सोडला. निवडुंगाचा चीक डोळ्यात! बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबाने दोनदा डोळा मिचकावला आणि हसला. "सत्याला चीक झोंबत नाही. खोट्याचा डोळा मात्र जाळून टाकतो."

खोलीत असा काही उसासा उठला की टेबलावरचे कापडाचे कपटे हलले.

नियम सोपे होते. एका बिऱ्हाडाला एक सत्यरोप. घराच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं, कारण वाईट तिथेच साठतं. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला पाणी, मनोभावे. कुंडीच्या बुडाला चिकटवलेला सोनेरी कागद काढायचा नाही, शक्ती गळून जाते. आणि एवढं करूनही रोप काळं पडून लिबलिबीत झालं, तर समजायचं की घरातलंच कुणीतरी आतून जळतंय. त्याला शोधायचं. कसं, ते बाबांनी तुमच्या कल्पकतेवर सोडलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या शास्त्राच्या बाईंनी तेवढी कुंडी नाकारली. बाईंनी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेलं. त्यांच्या खिडकीत कान तुटलेल्या कपांतून अशीच अकरा रोपं उभी असतात.

"घ्या ना बाई, घराला फार चांगलं," मी म्हणालो. माझ्या काखेत आमची कुंडी होती. बायकोचा हट्ट, मी काय करणार.

"माझ्याकडे आहेत. ती काहीही पीत नाहीत, म्हणून तर ठेवलीत," असं म्हणून त्या जिना चढून गेल्या. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणूस असा तुसडा होत असावा.

आठव्या दिवशी पहिलं रोप कुजलं, आणि ते अगदी ज्यांनी मनापासून सगळं केलं होतं त्यांच्याच घरी. तिथून जी रांग लागली ती लागलीच. कठडा, इस्त्री, केस वगैरे मी वर सांगितलंच आहे. आमचं रोप दहाव्या दिवशी गेलं, तेव्हा मी दोन दिवस सासूबाईंकडे वेगळ्या नजरेने पाहत होतो. त्याही माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या हातात पोळपाट होता. बाबा दर रविवारी येई, कुजलेलं रोप पाहून मान हलवी आणि नवं देई, अर्थात फुकट नाही.

टवटवीत राहिलं एकच रोप: डुलक्याचं. बुटांशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात. इमारतीने निष्कर्ष काढला की डुलक्या संत आहे. लोक त्याच्या दाराशी सल्ला मागायला बसू लागले. तो झोपलेला असे. त्याचं मौन फार खोल आहे, असं टायपिस्टबाईंचं मत पडलं. नवऱ्याने दुजोरा दिला; पाठ बरी होईपर्यंत तो सगळ्यालाच दुजोरा देत होता.

आता काजबाईंकडे यायला हवं. शर्टाला काजं करायचं काम त्या याच कारखान्यात करत. दिवसाला दोनशे काजं, केसाएवढ्या अंतराचे टाके, चष्मा नाही. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. भाऊ कारखान्यात कटिंग मास्तर. दोन खोल्यांत मास्तर, मास्तरांची बायको म्हणजे वहिनी, आणि पडद्यापलीकडे काजबाई. त्यांच्यापाशी डोळे आणि बोटं सोडून आणखी काही नव्हतं. डोळे शाबूत, तर पडद्यापलीकडची जागा शाबूत.

वहिनींची श्रद्धा मोठी. बाबांनी दोन पेले सांगितले तर त्या चार घालत. त्यांचं पहिलं रोप सगळ्यात आधी गेलं होतं; दुसरं एका शनिवारी संध्याकाळी हाताला लागताच मधोमध फसकन बसलं. आत काळा चिखल.

"मी म्हणत नव्हते?" वहिनींचा आवाज तीन मजले चढला. "माझा संसार बघवत नाही वन्संना! रोज बघत असतात, टुकूटुकू!"

"वहिनी, मी काजं बघत असते हो. नजर वर करायला वेळ कुठाय मला?"

"उलटून बोलते बघा!"

मास्तरांनी आधी थोबाडीत मारली. मग केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. काजबाईंनी चेहरा वाचवायला हात वर केला, तो त्यांनी पिरगळला. कापड कापणाऱ्या माणसाच्या मनगटात ताकद असते. काडकन आवाज आला, तो मी भिंतीपलीकडे माझ्या घरात ऐकला. मी काय केलं? दार लावून घेतलं. सांगताना बरं वाटत नाही, पण ही गोष्ट खरं बोलण्याची आहे.

रविवारी सकाळी कारखाना पुन्हा भरला. बाबाने वहिनींच्या कुंडीत बोट घातलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "घरचीच आहे. बाई आहे. टेबलावर घ्या. चीक सांगेल."

मास्तरांनी बहिणीला टेबलावर उताणी पाडली. डावा हात सुजून उशीएवढा झालेला, तो एका शिलाईवाल्याने धरला. डोकं मास्तरांनी दोन्ही तळव्यांत दाबून धरलं. कापड सरकू नये म्हणून धरतात, अगदी तसं.

"दादा, डोळे नको रे," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "दुसरा हात मोड हवं तर. डोळे नको."

मी तिथून निघालो आणि तीन मजले धावत चढलो. आदल्या रात्रीच चढायला हवे होते.

"बाई, तिच्या डोळ्यात चीक घालताहेत!"

बाई उठल्या, पाण्याची कळशी उचलून माझ्या हातात दिली आणि माझ्या पुढे उतरू लागल्या. वाटेत डुलक्याच्या खोलीत शिरून कट्ट्यावरची त्याची कुंडी घेतली. डुलक्या मागोमाग आला, डोळे चोळत.

आम्ही पोचलो तेव्हा बाबाने आपल्या डोळ्यात थेंब घालणं उरकलं होतं आणि आता तो काजबाईंसाठी निवडुंगाचा एक तुकडा चाकूने छाटत होता. तुकड्यातून चीक ठिबकत होता. काजबाईंनी जिवाच्या आकांताने मान हिसडली. थेंब गालावर पडला. क्षणभराने त्या किंचाळल्या. बाईंनी कळशीतलं पाणी भडाभडा गालावर ओतलं तरी तिथे लालभडक चट्टा उठलाच.

"झोंबलं! झोंबलं!" गर्दी गर्जली. "हीच ती!" कुणीतरी त्यांच्या पायावर मोजपट्टीचा सपकारा मारला.

"थांबा!" बाईंचा वर्गातला आवाज होता तो. तीस वर्षं साठ-साठ पोरांना बसवलेला. गर्दी बसली नाही, पण थांबली. "बाबा, तुम्ही खरे ना? मग हाच तुकडा. हाच थेंब. तुमच्या गालाला लावा. डोळासुद्धा नको."

"मी मघाशीच डोळ्यात घातला. सगळ्यांनी पाहिलं."

"तो वेगळा होता. हा लावा."

"साधकाने एका दिवसात दोनदा—"

"बोटं उघडा."

बाबाने बोटं उघडली नाहीत. त्याने बाईंच्या छातीवर हात ठेवून ढकललं. बाई टेबलाच्या कोपऱ्यावर आदळल्या, ओठ फुटला. डुलक्याने तेवढ्यात आयुष्यातली एकमेव चपळाई केली आणि बाबाचा हात धरून पिरगाळला. दोन बोटांच्या बेचक्यातून कापसाचा एक ओला बोळा पडला. बाईंनी तो उचलून पिळला. पांढरा थेंब. हुंगला, मग आपल्या डोळ्यात सोडला.

"दूध आहे," बाई म्हणाल्या. "कालचं. नासायला आलंय."

मग त्यांनी रुमालाने ओठ पुसला आणि शिकवायला सुरुवात केली. वहिनींची कुंडी घेतली, उलटी केली, बुडाचा सोनेरी कागद टरकन ओढला. तळाला बोटभर भोक होतं. त्यातून वास मारणारं काळं पाणी धारेने मास्तरांच्या पायावर पडलं.

"कुंडीला भोक असतं, जादा पाणी जायला. ते यांनी बुजवलं. अंधारात ठेवायला लावलं. वर दिवसाला दोन पेले पाणी. ही रोपं पानांत पाणी साठवून ठेवतात, त्यांना पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. मुळं बुडली, कुजली. ज्याची श्रद्धा जास्त, त्याचं रोप आधी मेलं." त्यांनी डुलक्याची कुंडी वर धरली. "डुलक्या, तू किती पाणी घातलंस?"

"झाडाला?" डुलक्या ओशाळला. "बाई, पाणी मी स्वतः पीत नाही."

"अंगठीत टाचणी आहे, बघा. कुठेही टोचा, निवडुंग चीक सोडणारच. आणि चीक बुबुळावर पडला तर बुबुळ भाजतं. खऱ्याचं भाजतं, खोट्याचंही भाजतं. त्याला कुणाचं काही कळत नाही. ते झाड आहे."

यानंतर लोकांनी विचार केला असता तर बरं झालं असतं. पण लोकांनी बाबाला मारलं. भावांनी कठड्याचे दांडके आणले, टायपिस्टबाईंनी पायातली चप्पल. त्याचे दोन दात टेबलावर खडूशेजारी पडले. मास्तरांनी तर त्याचं डोकं टेबलावर दाबलं, निवडुंगाचा तो तुकडा उचलला आणि त्याची पापणी अंगठ्याने वर ओढली.

"दादा," काजबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोडका हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "माझं डोकं असंच धरलं होतंस."

मास्तर आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग तुकडा खाली पडला. बाबाला पोलीस घेऊन गेले; जाताना तो स्वतःच्या पायांनी चालत होता, एवढं श्रेय काजबाईंचं.

सक्युलंटचे फायदे विचाराल तर बाईंनी मला सांगितले ते असे: दिसायला बरं असतं, जागा कमी लागते, तीन आठवडे लेकीकडे राहून आलं तरी जिवंत सापडतं. हवा शुद्ध करायची असेल तर खिडकी उघडावी. मधुमेहासाठी डॉक्टर आहेत. चीक असलेली जात मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. घरात कोण जळतंय हे कुठलंही झाड सांगत नाही. आणि कुणी सांगितलं की तुमच्या दुःखाला तुमच्याच घरातलं माणूस कारण आहे, तर त्या माणसावर हात टाकण्याआधी कुंडी उलटी करून बघा. एवढंच. यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

दुपारी काजबाईंना आम्ही हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, ते शाबूत होते. मग हाताला प्लास्टर घातलं आणि केसपेपर पुढे ओढला.

"पडलात?"

"पडली हो जिन्यात," मास्तर घाईने म्हणाले.

"नाही," काजबाई म्हणाल्या. "याने पिरगळला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इजेच्या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: डावे मनगट मोडले, सख्ख्या भावाकडून मारहाण. खाली कारणाचा रकाना होता. त्यांनी तोही भरला: रोपाला जास्त पाणी.