परत जाण्याचं कारण

“हे गृहस्थ परत जातील, हे तुम्ही कशावरून म्हणता?” व्हिसा कचेरीत काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी विचारलं.

ताई गांगरल्या. ओळख कशी झाली, बोलता कुठल्या भाषेत, असल्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी घोकून ठेवली होती. पण ज्याच्या येण्याकडे डोळे लावून बसलो, तो आल्यावर नक्की निघून जाईल याची हमी आपणच द्यायची, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“त्यांचं घर आहे तिकडे,” त्या म्हणाल्या.

घराचे कागद बाईंनी मागितले. बायको-मुलं नाहीत हे ऐकून पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या, आणि त्या माणसाला माघारी ओढून नेईल असं काहीतरी दाखवा. “गोड बोलून येतात आणि मग हलत नाहीत. पुष्कळ पाहिलेत मी.” त्यांच्या स्वरात खवचटपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

ताई रुग्णालयात एक्स-रे काढायच्या. आईवडिलांची दुखणी काढता काढता लग्नाचं वय उलटून गेलं, आणि त्याची खंत करायलाही कधी सवड झाली नाही. ज्याला बोलवायचं होतं, तो मालवाहू जहाजावर आचारी होता. मनगट मोडलं म्हणून जहाजानं त्याला इथे उतरवलं आणि ते पुढे निघून गेलं. त्याची भाषा कुणाला कळेना. ताईंनी त्याचा हात हलकेच प्लेटवर टेकवून विचारलं, “दुखतं?” तो त्याचा पहिला मराठी शब्द. प्लास्टर निघेपर्यंत संध्याकाळी रुग्णालयाच्या बाकावर दोघं बसायची. तो मायदेशी गेल्यावर व्हिडिओ फोन सुरू झाले, ते वर्षानुवर्षं चालले. थोडं मराठी, थोडी त्याची भाषा, उरलेलं हातवाऱ्यांवर.

ताईंचे थोरले भाऊ, दादा, त्याला ‘तुझा खलाशी’ म्हणत. आचारी आहे हे कितीदा सांगूनही खलाशीच. ताई कचेरीतून परतल्या त्या संध्याकाळी ते मुद्दाम आले. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हे त्या माणसाला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं.

“मी वाईट बोलतोय असं वाटेल तुला,” दादा म्हणाले, “पण त्याला तू हवी आहेस की डोक्यावर छप्पर, हे एकदा बघून घे.”

ताईंनी त्यांना उडवून लावलं. पण संशयाला कुणी या-बसा म्हणावं लागत नाही, तो आपली खुर्ची आपणच ओढून घेतो. घरात ऊन कुठून येतं, असं त्यानं एकदा विचारलं होतं. खोल्या किती, हेही. तेव्हा ते गोड वाटलं होतं. आता तेच कडवट वाटू लागलं. त्यात कागदांचं विचारलं की तो ‘बघतो’ म्हणायचा आणि विषय बदलायचा.

अखेर ताईंनी फोनवर त्याला धारेवर धरलं. पडद्यावर तो नेहमीसारखा खिडकीपाशी बसला होता, मागे कुंड्या.

“ही खिडकी माझी नाही,” तो म्हणाला.

घर आईच्या आजारपणातच विकलं गेलं होतं. तो मित्राच्या खानावळीमागे एका खोलीत राहायचा, आणि ताईंना फोन करायचा तेव्हा वर मित्राच्या घरी येऊन बसायचा. खोलीला खिडकीच नव्हती. लाज वाटली, एवढंच तो म्हणाला. मित्र आपलं घर याच्याच नावचं आहे असा खोटा कागद करून द्यायला तयार होता. तो पाठवू का, असंही त्यानं विचारलं.

म्हणजे दादा अगदीच चुकले नव्हते. इतकी वर्षं आपण परक्या खिडकीवर जीव टाकला, या विचारानं ताईंचा चेहरा तापला.

“मग परत कशासाठी जाशील?”

“कशासाठीच नाही,” तो म्हणाला. “पण तू जा म्हणालीस, तर जाईन.”

ताईंनी फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. माणूस खोटं बोलला, हे खरं होतं. तेवढंच खरं होतं का, हे त्यांना ठरवता येईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला कागद पाठवू नकोस म्हणून कळवलं आणि पुन्हा काचेसमोर जाऊन बसल्या. घर नाही, धड नोकरी नाही, सगळं सांगून टाकलं.

“मग जातील कशावरून?”

“मी जा म्हटलं तर जातील,” ताई म्हणाल्या. “पण मी म्हणेन असं वाटत नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हे मला लिहावं लागेल, म्हणाल्या. लिहा, ताई म्हणाल्या.

अर्ज नामंजूर झाला. सुंठीवाचून खोकला गेला, असं दादा वहिनींना म्हणाले. ताईंसमोर मात्र काही बोलले नाहीत. उलट अधूनमधून चक्कर मारू लागले.

वर्ष सरता सरता ताईंनी रजा टाकली आणि त्याच्या देशाच्या व्हिसासाठी स्वतःच अर्ज केला. त्यांचं सगळं चोख होतं: फ्लॅट, नोकरी, पुढे पेन्शन. ही बाई परत येईल, असं जवळच्या नातलगानं लिहून द्यायचं तेवढं बाकी होतं. कागद घेऊन त्या दादांकडे गेल्या.

दादांनी तो दोनदा वाचला. आजवर त्यांनी धाकट्या बहिणीला सल्ले दिले होते, विचारलं कधी काही नव्हतं.

“येशील ना गं?”

ताईंनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. “सही कर, दादा,” त्या हळूच म्हणाल्या.

दादांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली.

जायच्या दिवशी विमानतळावर ताईंची बॅग त्यांनीच ओढत आणली. दारावरच्या शिपायानं अडवलं, प्रवासी कोण म्हणून विचारलं. “ही,” म्हणत दादांनी बॅगेची मूठ सोडली. ताई रांगेत पुढे सरकल्या, वळून त्यांनी हात हलवला. दादांनीही हात वर केला. आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.