डावीकडचे वजन

मार्गशीर्षातली सकाळ. पंचगंगेवरून धुके उठते, उसाच्या रुपेरी तुऱ्यांना शिवते आणि गुऱ्हाळांच्या धुराशी हातमिळवणी करून कोल्हापुरावर उतरते. ऊन येते तेही गाळून, गुळाच्या रंगाचे, मंद, मधुर, मातकट. त्या उन्हात उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक इवलीशी लाल गाडी उभी होती.

प्रवाळवर्णी, भूमिलग्न, वेगवती गाडी. रुंद चाकांची, आखूड नाकाची, दोनच आसनांची. तिसऱ्या माणसाला ती सरळ नकार देई. दुसऱ्याला मात्र तिच्यात कायमची जागा होती.

गाडी त्रिशलेची. चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने, श्रेणिकने, दिलेली. किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तो हसला, वळसा घालून डाव्या दाराशी गेला आणि आत बसला. त्याला आता तीन वर्षे झाली. तो अजून तिथेच बसलेला आहे.

वाईट माणूस नव्हे तो. वाईट असता तर किती सोपे झाले असते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्रिशलेची गाडी घाटात घसरली, खांदा मोडला, आणि हा गृहस्थ सोळा दिवस तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिला. त्या सोळा दिवसांत तिला त्याचा केवढा आधार वाटला होता. पुढे खांदा जुळला, पण ते स्टूल काही हलले नाही. बाजारात, बस्तीत दर्शनाला, माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे ते तिच्या शेजारी. "मी आहे ना," तो म्हणे. मऊ, मायाळू, मखमली शब्द. एकवीस वर्षे ती त्या मखमलीत गुंडाळलेली होती. तिला गुदमरल्यासारखे होई, आणि गुदमरतेय असे म्हणायची लाज वाटे. सांगणार तरी कोणाला? ऐकणारी म्हणाली असती, असा नवरा मिळायला नशीब लागते.

येत्या रविवारी गगनबावड्याच्या घाटात हौशी गाडीवाल्यांची चढाई होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकेक गाडी, एकेक चालक. त्रिशलेने नाव दिले. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तिला तो घाट एकटीने चढायचा होता. श्रेणिक नाही म्हणाला नाही; तो कधीच नाही म्हणत नसे. त्याने आयोजकांना फोन लावला, ते त्याचे मित्रच निघाले, आणि दोन मिनिटांत डाव्या सीटची परवानगी मिळाली.

गाडीचे सस्पेन्शन निवडायलाही दोघे मिळूनच या शेडमध्ये आले होते. दिलावर मिस्त्रींनी बाकावर तीन जोड मांडले. एक मऊ, खड्डे गिळणारा, वळणावर डुलणारा. दुसरा कडक, शर्यतीचा, रस्त्याचा कण न् कण मणक्याला कळवणारा. तिसरा निळ्या स्प्रिंगांचा, अंगभर आटे पाडलेला. पान्याने त्याची उंची वरखाली करावी आणि माथ्यावरचे बोंड फिरवून खटक्याखटक्याने तो मऊ किंवा कडक करावा. त्रिशलेची नजर दुसऱ्यावर होती. श्रेणिकच्या कंबरेची पहिल्यावर. म्हणून मग तिसरा घेतला.

गाडी तिथेच ठेवून निघताना श्रेणिकने मिस्त्रींना बाजूला घेतले. "बसवायच्या दिवशी मला फॅक्टरीत मीटिंग आहे. पण मी नसलो तरी माझं वजन धरा. चौऱ्याऐंशी किलो, डावीकडं."

आज तो दिवस होता. नवे सस्पेन्शन चढले होते, आणि गाडी चार वजनकाट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. रिकाम्या गाडीचे माप मिस्त्री कधी घेत नसत. चालवणारा आत बसला पाहिजे, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आणि बरोबर जो असणार तोही, नाहीतर त्याच्या वजनाची वाळू. "रिकामी गाडी कोण चालवतंय?" ते म्हणत.

त्रिशला उजवीकडे बसली. मिस्त्रींनी वाळूची तीन पोती आणून डाव्या सीटवर रचली, वरून पट्टा ओढून लावला. चौऱ्याऐंशी किलो, वर ना खाली.

"आता हलू नका, वैनी."

ती हलली नाही. तिला सवय होती.

पाना फिरू लागला. उजवे पुढचे चाक, डावे मागचे चाक. अर्धा आटा वर, पाव आटा खाली. पत्र्याच्या भोकांतून सोनेरी तिरिपा उतरल्या आणि त्या वाळूवर पडल्या. वाळू गप्प होती, गुबगुबीत होती, पट्ट्यात नीट बसलेली होती. त्रिशलेने तिच्याकडे पाहिले. तिला हसू आले. माणूस आला नव्हता, तरी त्याची जागा भरलेली होती.

फोन वाजला. "बसवलं का माझं वजन?"

"बसवलं."

"मग झालं. मी आहे ना."

गाडीखाली चार निळ्या स्प्रिंगा दबत होत्या. दबलेल्या स्प्रिंगेचा आवाज येत नाही. ती कुरकुरत नाही, वाकत नाही, रुसत नाही. ती फक्त आखूड होत जाते. त्रिशलेने श्वास घेऊन पाहिला. तोही आखूडच आला.

"झालं," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "दोघांना झकास बसली बगा."

"आणि मी एकटी असले तर?"

खोटे बोलणे मिस्त्रींच्या धंद्यात बसत नव्हते. "एकटं बसला तर डावी उचलंल, सगळा भार तुमच्या अंगावर ईल. एका वळणाला गाडी ऐकंल, दुसऱ्याला न्हाई ऐकायची."

"पोती काढा."

"सायबांनी सांगितलंय, वैनी."

"त्यांनी सांगितलंय. पण गाडी मी चालवते, मिस्त्री. काढा."

पहिले पोते उतरले. गाडीने डावा खांदा किंचित वर केला. दुसरे उतरले. तिसरे उतरले, आणि गाडी हळूच उंचावली, दीर्घ उसासा टाकून उठावी तशी. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्रिशलेच्या डाव्या बाजूला नुसती हवा होती. तिला रडू आले. मिस्त्री पाना शोधायच्या निमित्ताने शेडच्या मागे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

पुन्हा पाना फिरला. अर्धा आटा, पाव आटा. छप्पन्न किलोंच्या एका बाईच्या मापाने गाडी हळूहळू समतोल झाली. मग मिस्त्रींनी तिला बोंड दाखवले. तिने ते पूर्ण घट्ट केले आणि नऊ खटके मागे घेतले, स्वतःच्या बोटांनी.

"आता डावीकडं कोण बसलं की लगीच कळणार," मिस्त्री म्हणाले.

"कळू दे," ती म्हणाली.

घराकडे येताना तिने रंकाळ्याला एक जास्तीचा वळसा घातला. धुके विरले होते, पाणी नीलमण्यासारखे लखलखत होते, आणि गाडी उजवे वळण जसे घेई तसेच डावे घेई. त्या वळशात कोणी तिला 'सावकाश' म्हणाले नाही.

फाटकाशी श्रेणिक उभा होता. मीटिंग लवकर आटोपली होती. त्याने दार उघडले, नेहमीसारखा आत बसला, आणि गाडी त्याच्या बाजूला दोन बोटे खचली.

"कललीय का गं?"

"कललीय."

"मिस्त्रीनं माझं वजन धरलं नाही वाटतं."

"धरलं होतं. मी काढायला लावलं."

मग त्याने तिच्या हातावर हात ठेवला, ऊबदार, विश्वासू, जड. "असू दे. उद्या परत करून घेऊ. मी येतो ना बरोबर."

ती मखमल पुन्हा गळ्यापर्यंत आली. त्रिशलेने समोर पाहिले. "अहो, जरा उतरून बघता?"

तो उतरला. काही बिघडले असेल तर ते शोधायला तो नेहमीच तयार असे. चाकाशी उकिडवा बसला, टायर दाबून पाहिला, मान तिरकी करून पुढून मागे नजर टाकली.

"आता तर सरळ दिसतेय."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही उतरलात की सरळ होते."

तो सावकाश उठला. दाराच्या मुठीवर त्याने हात ठेवला. तो हात दार उघडीना, आणि सुटेनाही. आत, डाव्या सीटच्या शिवणीत, वाळूचे चार कण राहून गेले होते. त्यांच्यावर ऊन पडले होते. ते चमकत राहिले, चमकत राहिले, आणि इंजिन हलके, हलके घुमत राहिले.