बोटं भाजली कुणी, नाव माझं

मी भुगा बोलतोय. डबा आपटू नका, ऐका! सुताराच्या दुकानातला भुगा नव्हे मी. लाकडाचा लगदा कारखान्यात मुरवून, वाळवून दळलेला पांढरा भुगा. पाण्यात पडलो की फुगतो, पाणी घट्ट करतो. एवढंच येतं मला. शाळा अर्ध्यावरच सुटली म्हणा.

बेनिन शहरात इतोहान भांड्यांचा पातळ साबण करून विकते, तिच्या अंगणात माझा डबा. इथल्या बायका साबणसुद्धा भेंडीच्या रश्शासारखा जोखतात. काठी बुडवायची, उचलायची, लांब तार सुटली की साबण भारी! मळ काढतं दुसरंच कुणी, कौतुक माझं. मी गालात हसायचो. कोरडा नाकात गेलो तर शिंकांनी बेजार करतो, ओल्या फरशीवर सांडलो तर जाडजूड पाद्रीबाबालाही आडवा पाडतो. तेवढी पापं कबूल.

पण ईस्टरच्या आधी माझी सटकली.

कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा मापून घालायचा, मग सोडा जास्त झाला की निळा पडणारा कागद बुडवून बघायचा, ही रीत. इतोहानला घाई. सोडा अंदाजानं ओतला, कागद खिशातच. साबण पाण्यासारखा झाला, तर माझ्या दोन मुठी जास्त टाकल्या. तार अशी सुटली की बायकांनी बाटल्या पळवल्या!

शेजारची इसोकेन केसांच्या वेण्या घालते, पोट बोटांवर. त्या साबणानं तिच्या बोटांची सालं निघाली. ऐन सणात गिऱ्हाइकं परत गेली.

"इतोहान! काय कालवलंस गं त्यात?"

त्या बाईनं सरळ माझा डबा पुढं केला. "ताई, शपथ! हा भुगाच विषारी निघाला. उद्या त्याच्याविना करते, तुला फुकट."

डब्यात थेंबभर पाणी असतं ना, तर रागानं झाकण उडवलं असतं! म्हणजे मी गटारात, आणि सोडा पुन्हा अंदाजानंच. इसोकेनची उरलेली कातडीही जाणार.

पण इसोकेन डबा निरखत होती. "हा तर आमच्या केसांचं जेल करणाऱ्याकडे असतो. सात वर्षं त्या जेलमध्ये हात घालतेय मी." तिनं चिमूटभर मला पाण्यात भिजवलं आणि धड उरलेल्या एकुलत्या करंगळीला फासलं. "घे. मी घातलं बोट. आता तू तुझं त्या बादलीत घाल."

इतोहानचा हात पाठीमागे गेला.

"का गं? साबणच आहे ना?"

शेवटी तिच्या खिशातला कागद निघाला, बादलीत बुडला, निळाकुट्ट होऊन वर आला.

ईस्टर इसोकेननं बोटांना चिंध्या गुंडाळून काढला. आता साबण शिजायला लागला की ती समोर ठाण मांडते. कागद बघितल्याशिवाय माझं झाकण उघडू देत नाही.

माझी माफी? कुणी मागितली नाही. मरू दे. पण बायांनो, तार बघून भुलू नका. तार काय, मी गटाराच्या पाण्यालाही आणतो!