अकरा वेळा भाजलेलं सफरचंद

नवरा जाऊन दोन महिने झाले तरी ताई रडल्या नव्हत्या, आणि याची काळजी त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त होती. नणंदेनं फोनवर सांगितलं, की मन मोकळं कर. समोरच्या घरातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, की असं आतल्या आत कुढू नये. ताई कुढत नव्हत्या. आत काही होतंय का, हे त्यांनी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं होतं आणि तिथे काहीच होत नव्हतं. सकाळी सातला त्या उठायच्या, चाळीस ग्रॅम ओट्स तोलून घ्यायच्या, शिजवायच्या आणि खायच्या. चव लागायची नाही. पण वजन बरोबर असायचं.

तोलायची ही खोड जुनी. सव्वीस वर्षं त्यांनी एका औषधांच्या दुकानात मलमं आणि चूर्णं तोलून दिली होती, त्यामुळे अंदाज या शब्दावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की मीठ कमी, साखर बंद, तेल जपून, आहार समतोल. दुसऱ्या कुठल्या बाईनं मान डोलावली असती आणि भाजीत थोडा हात आखडता घेतला असता. ताईंनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं पाळलं. ओट्यावर वजनकाटा आला. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड झालं, त्यावर ग्रॅम, मिनिटं, किती जणांसाठी, सगळं. मसुराचं सूप, पालक आणि केळ्याची स्मूदी, भोपळ्याचे भाजलेले काप, साखर न घालता केलेले गोड पदार्थ. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीनं ही कार्डं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता हजारो लोक ती वाचायला लागले. लोकांनी नाव ठेवलं ग्रॅमताई. बाकीच्या पाककृती लिहिणाऱ्या बायका 'मीठ चवीनुसार' लिहून मोकळ्या होतात. ग्रॅमताई लिहायच्या, 'मीठ पाऊण ग्रॅम'.

आणि प्रत्येक पाककृतीच्या खाली असायचा घरचा शेरा. तो नवऱ्याचा. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, दोन गल्ल्या सोडून त्यांचं लहानसं दुकान होतं. सकाळी नवा पदार्थ डब्यात जायचा, संध्याकाळी धुतलेला डबा परत यायचा आणि डब्याबरोबर शेरा. गडी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे शेरे दोनच होते. एक 'एक नंबर', दुसरा 'ठीक आहे'. 'एक नंबर' म्हटलं, की ते कार्ड निळ्या डब्यात जायचं, लेकीकडे जायचं आणि तो पदार्थ सहा महिने तरी घरात होत नसे. पास झालेल्याला परत परीक्षेला कशाला बसवायचं, असं ताईंचं म्हणणं. 'ठीक आहे' म्हटलं, की कार्ड लाल डब्यात. मग पुढच्या आठवड्यात त्याच वारी प्रमाण थोडं बदलून तो पदार्थ पुन्हा, आणि पास होईपर्यंत पुन्हा. वाचणाऱ्यांना हा शेरा फार आवडायचा. मिस्टरांनी पास केलंय म्हटल्यावर आम्ही डोळे झाकून करतो, असं बायका लिहायच्या.

आता लेकीनं त्याचं पुस्तक करायला घेतलं होतं. निळ्या डब्यातल्या सत्तर पाककृती, प्रत्येकीखाली 'घरचा शेरा: एक नंबर'. छापखान्याचे नमुन्याचे कागद घरी येऊन पडले होते आणि गुरुवारपर्यंत होकार कळवायचा होता. ताईंनी ते कागद तीनदा वाचले. ग्रॅम तपासले, एका ठिकाणी 'अक्रोड' चुकीचं छापलं होतं ते दुरुस्त केलं. वाईट वाटेल म्हणून त्या वाट बघत होत्या, ते काही वाटलं नाही. फक्त एवढं कळत होतं, की नवऱ्याचे शब्द म्हणून जगात जे काही उरलंय ते हेच, सत्तर वेळा 'एक नंबर'. ते खरं आहे, एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे नक्की होती. तेवढ्यावर त्या उभ्या होत्या.

नवऱ्याचं दुकान महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. सोमवारी सकाळी ताई रिकामी खोकी घेऊन गेल्या.

शटर वर केलं तर आत मशीनच्या तेलाचा वास तसाच होता. ताईंनी त्याची नोंद घेतली आणि कामाला लागल्या. भिंतीला लागून बारीक खणांचं कपाट होतं, प्रत्येक खणावर नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी. सुया. बॉबिन. पट्टे. पेच. त्या एकेक खण खोक्यात उपडा करत गेल्या. 'स्प्रिंग, बारीक' लिहिलेल्या खणात स्प्रिंग नव्हत्याच. तिथे एक गोळ्यांची बाटली होती, ताई काम करायच्या त्या औषधांच्या दुकानातली, आत पांढरी पूड आणि शेजारी एक छोटा चमचा.

ताईंनी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मीठ. दोन महिन्यांत जिभेला कळलेली ही पहिली गोष्ट.

"सापडली म्हणायची," दारातून कोणीतरी म्हणालं. शेजारच्या टपरीत किल्ल्या करून देणारे गृहस्थ उभे होते. वीस वर्षं दोघांची भिंत एक होती आणि दुपारचं जेवणही एकाच स्टुलावर. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की गेले दोन महिने ते या खणाचाच विचार करत होते. आधीच काढून टाकावी असं मनात होतं, पण शटरची किल्ली करणं हातचा मळ असला तरी परक्या दुकानात शिरणं जिवावर आलं, असं ते म्हणाले.

ताईंनी विचारलं, किती घालायचे. किल्लीवाल्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. एक चिमूट. रोज? जवळजवळ रोज. ताईंनी मनात हिशेब केला. चिमूट म्हणजे पाव ग्रॅम, फार तर एक तृतीयांश. "एवढ्यानं काही होत नाही," त्या म्हणाल्या. ते त्यांनी किल्लीवाल्यांना सांगितलं की स्वतःला, हे त्यांना ठरवता आलं नाही.

"तेही हेच म्हणायचे," किल्लीवाले म्हणाले.

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं, बसले आणि सगळं सांगून टाकलं. मूग गिळून बसणं त्यांनाही जड झालं असावं. डबा दोघं अर्धा-अर्धा खायचे. मशीनवाल्यांचा अर्धा मीठ घालून, किल्लीवाल्यांचा तसाच. किल्लीवाल्यांना ते जेवण मनापासून आवडायचं, आणि नुसतं आवडायचं नाही, तर तीन वर्षांत त्यांची साखर उतरली, पोट गेलं, पँट्स आवळून घ्याव्या लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणाचं औषध घेता. ते म्हणाले, शेजाऱ्याच्या बायकोचं.

दुसरी वेळ असती तर ताई हसल्या असत्या. पाच वर्षं ज्याच्यासाठी तोलून रांधलं त्याला ते पचनी पडलं नाही आणि गुण आला शेजारच्या टपरीला.

"मग 'एक नंबर' कोण म्हणायचं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

किल्लीवाल्यांनी हातातली किल्ली उलटीसुलटी केली. "म्हणायचे तेच. पण वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. ते म्हणायचे, एक नंबर म्हटलं की सुटका. सहा महिने तो पदार्थ परत डब्यात येत नाही."

ताई खोक्यांच्या मधल्या जागेत खाली बसल्या. सत्तर पदार्थ. म्हणजे पुस्तकात होतं ते सगळं, एकूण एक पान, त्या माणसाला परत नको होतं. राग यायला हवा होता. त्यांनी जरा वाट पाहिली, पण रागही आला नाही. पायाखालची एकुलती एक फरशी निघाली होती आणि तरी त्या पडत नव्हत्या, हेच काय ते विचित्र वाटलं.

"त्यांना आवडलेलं काहीच नव्हतं का?" त्यांनी विचारलं. औषधाचा परिणाम विचारावा तसं विचारलं.

"सफरचंद," किल्लीवाले लगेच म्हणाले. "मंगळवारचं. त्यात खजूर असायचा बघा, आणि दह्याची वेगळी डबी. त्या दिवशी मला चमचाभरसुद्धा नाही. मिठाची बाटली बाहेर निघायची नाही. अर्धं शटर ओढून आत बसून खायचे, गिऱ्हाईक आलं तर उभं राहू दे."

"ते त्यांना पसंत नव्हतं," ताई म्हणाल्या. "अकरा वेळा केलं. अकराही वेळा 'ठीक आहे' म्हणाले."

"म्हणणारच की, वहिनी." किल्लीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "एक नंबर म्हटलं असतं, तर तुम्ही परत केलं असतं का?"

ताईंनी उरलेले खण खोक्यात भरले, खोकी दोरीनं बांधली, मिठाची बाटली पर्समध्ये टाकली आणि शटर ओढलं. कुलूप किल्लीवाल्यांनी लावलं.

घरी येऊन त्यांनी लाल डबा उघडला. आत एकच कार्ड होतं. भाजलेलं सफरचंद, एक जणासाठी. सफरचंद एक, मधला गर काढून. खजूर पंचवीस ग्रॅम. अक्रोड दहा ग्रॅम. दालचिनी एक ग्रॅम. वर घट्ट दही चाळीस ग्रॅम. आणि त्याखाली अकरा तारखा आणि अकरा खाडाखोडी. दालचिनी वाढवली. दालचिनी कमी केली. खजुराऐवजी मनुका, मग परत खजूर. ओव्हनमध्ये पाच मिनिटं जास्त. सफरचंदाची जात बदलली. सातव्या वेळी त्यांचा तोल सुटला होता, हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं पण त्यांना आठवलं. तुमच्या जिभेला झालंय तरी काय, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा ते मान खाली घालून डबा पुसत राहिले होते आणि म्हणाले होते, काहीतरी किंचित कमी-जास्त वाटतंय, पुढच्या मंगळवारी बघू. अकरावी तारीख मंगळवारची होती. शुक्रवारी सकाळी ते गेले.

पुस्तकात हे कार्ड घ्यायचं नाही असं ठरलं होतं, कारण ते पास झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ताईंनी लेकीला फोन केला आणि सांगितलं, की पुस्तकातले सत्तर शेरे काढून टाक. लेक आधी ऐकेनाच. शेरे म्हणजेच तर पुस्तक आहे, ती म्हणाली, लोक त्याच्यासाठीच घेणार, मुखपृष्ठावरही तेच छापलंय, आणि बाबांचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडे. ताईंनी तिला मिठाची बाटली सांगितली, अर्धा डबा सांगितला, 'सुटका' सांगितलं. लेक हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. ताई फोन कानाला धरून थांबल्या. तिचं होईपर्यंत त्यांनी ओटा पुसून काढला.

"पाककृती राहू देत," त्या मग म्हणाल्या. "त्या खऱ्या आहेत, किल्लीवाल्यांची साखर उतरली त्यानं. शेरे तेवढे खोटे. आणि शेवटी एक पान वाढव, सफरचंदाचं. त्याखाली शेरा घाल."

"एक नंबर?"

"ठीक आहे."

"आई, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'ठीक आहे' कोण छापतं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मी खोटं छापणार नाही."

लेकीनं विचारलं, की अकरातलं कुठलं प्रमाण घालू. ताईंनी कार्ड उजेडात धरलं आणि खाडाखोडीच्या वरची पहिली ओळ वाचून दाखवली. ते पहिल्याच वेळी जमलं होतं.

दुपारी त्यांनी एक सफरचंद घेतलं, गर काढला, खजूर तोलले, अक्रोड तोलले. दालचिनी तोलायला गेल्या आणि काट्यावर एक पूर्णांक एक आली. जास्तीची काढून ठेवायचा कंटाळा आला म्हणून तशीच घातली. सव्वीस आणि पाच मिळून एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. ओव्हनमधून काढल्यावर साल तडकली होती आणि आतून पाक सुटला होता. दही वर न घालता वेगळ्या डबीत घेतलं आणि टेबलाशी बसल्या.

पहिला घास गोड लागला. नीट गोड, मागून दालचिनीची जराशी आग. ताईंना चव लागली, आणि त्या चवीबरोबरच अर्धं शटर ओढून स्टुलावर बसलेला, डबी पुसून खाणारा त्यांचा माणूस दिसला. पाच वर्षांत त्याला जे हवं होतं ते मागायची एवढी एकच वाट त्यांनी त्याच्यासाठी उघडी ठेवली होती आणि तो तिच्यावरून अकरा वेळा येऊन गेला होता. तेव्हा ताईंना रडू आलं. फार आलं. त्या रडत खात राहिल्या, कारण गार झाल्यावर खजूर चिवट होतो.

मग तोंड धुतलं, पेन घेतलं आणि कार्डावर बारावी तारीख घातली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ठीक आहे. कार्ड लाल डब्यात ठेवून झाकण लावलं. पुढच्या मंगळवारी परत करायचं होतं.